जॅझची दाद कुठे द्यायची?

जॅझला पोसलं ते बारच्या गल्ल्याने. न्यू ऑर्लिन्स, शिकागो, न्यूयॉर्क, पॅरिस, कोलकाता, मुंबई, जिथे जिथे हे संगीत रुजलं तिथे वाजवणाऱ्यांचा पगार बहुतेक वेळा दारू आणि नाच यांच्या कमाईतून निघत असे. हा हिशेब लावला तर सुरतेत जॅझ असण्याचं काही कारणच उरत नाही. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला तेव्हा सुरत मुंबई राज्यातच होती. १९६०मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. पुढे मुंबईतली बंदी सैल होत गेली, गुजरातेतली कायम राहिली. रात्री उशिरापर्यंत चार वादकांना पगार देऊन वाजवत ठेवील असा क्लब अशा शहरात उभा राहणं अवघड.

त्यामुळे सुरतेत कुणाला जॅझचा नाद लागलाच, तर तो बहुधा तबकडीतून, कॅसेटमधून, सीडीतून किंवा हल्ली फोनवर आलेल्या लिंकमधून लागतो. आणि ती देणारा कुणीतरी ओळखीचा असतो: मुंबईला शिकायला गेलेला भाऊ, अमेरिकेहून आलेली आत्या, ऑफिसातला एखादा पारशी सहकारी. एका रसिकाने दुसऱ्याला अल्बम द्यायचा, शेजारी बसून ऐकवायचा, ही इथे जॅझ पोचण्याची वाट आहे. तिला दुय्यम समजायचं कारण नाही. जगात अनेक ठिकाणी जॅझ याच वाटेने पसरलं. ऐकवणारा जाणता असेल तर दिवाणखान्यात ऐकलेलं जॅझ क्लबातल्या गोंगाटात ऐकलेल्या जॅझपेक्षा जास्त कळतं.

हातोहात गेलेलं संगीत

जपानचं उदाहरण घ्या. १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे ‘जॅझ किस्सा’ नावाची कॉफीघरं निघाली. योकोहामातलं ‘चिगुसा’ १९३३चं. महायुद्धानंतर परदेशी एलपी तिथल्या सामान्य माणसाच्या खिशाला परवडत नसत. कॉफीघराचा मालक त्या आणून मोठ्या स्पीकरवर लावी आणि गिऱ्हाइकं एका कॉफीवर तासन् तास ऐकत बसत. कित्येक ठिकाणी बोलायला मनाई असे. जपानी वादकांच्या एका पिढीने जॅझचा मोठा अभ्यास या खुर्च्यांवर बसून केला.

फ्रान्समध्ये १९३२ साली ‘हॉट क्लब द फ्रान्स’ ही रसिकांची संस्था निघाली. तबकड्या जमवून ऐकणं हा तिचा मूळ उद्योग. त्या काळच्या तबकडीवर बँडचं नाव असे, पण ट्रम्पेट कोणाचा, पियानोवर कोण, हे बहुधा छापलेलं नसे. रसिकांमध्ये त्यावरून वाद झडत. अशा वादांतूनच चार्ल्स देलोने याने १९३६मध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ हे पुस्तक काढलं. कोणती तबकडी कधी ध्वनिमुद्रित झाली, त्यात कोण कोण वाजवतं, याची ती पद्धतशीर यादी होती. डिस्कोग्राफी या शास्त्राचा पाया असा हौशी माणसांनी घातला.

सोव्हिएत रशियातल्या रसिकांची तऱ्हा आणखी निराळी. १९४०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९५०च्या दशकात तिथे पाश्चात्त्य नाचगाण्याच्या तबकड्या दुकानात मिळेनाशा झाल्या, तेव्हा लोकांनी दवाखान्यांतून टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या फिल्म मिळवल्या, त्या गोल कापल्या आणि घरगुती यंत्रावर त्यांत खाचा पाडून जॅझच्या नकला विकल्या. फिल्म उजेडात धरली की कुणाच्या तरी बरगड्या दिसत, आणि सुईखाली ठेवली की सॅक्सोफोन ऐकू येई.

याच सुमारास, जानेवारी १९५५मध्ये, ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कॉनोव्हरचा जॅझ कार्यक्रम सुरू झाला. लघुलहरींवर तो भारतातही लागत असे. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना कळावं म्हणून कॉनोव्हर मुद्दाम सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोले. प्रत्येक तुकड्याआधी वादकांची नावं सांगे. जगभरातल्या लाखो श्रोत्यांना भेटलेला हा ‘जाणता शेजारी’ होता.

मुंबईत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी ‘ब्लू ऱ्हिदम’ नावाचं जॅझचं मासिक काढलं. ते फार काळ टिकलं नाही, पण हौस टिकली. याच झवेरींच्या पुढाकाराने १९७८मध्ये मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली आणि रंगभवनच्या खुल्या मंचावर सनी रोलिन्ससारखा दिग्गज सॅक्सोफोनवादक वाजवून गेला. तबकड्या ऐकणाऱ्यांनी शेवटी वादकच मुंबईत आणले. जॅझबाहेरही याला समांतर एक गोष्ट आहे. १९९०मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. सुरेश चांदवणकरांसारख्या मराठी संग्राहकांनी जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांची श्रवणसत्रं भरवली, याद्या केल्या, नियतकालिक चालवलं. बालगंधर्वांची तबकडी आणि लुई आर्मस्ट्राँगची तबकडी जपणाऱ्या माणसांचा स्वभाव एकच असतो.

दक्षिण गुजरातचा वाटा

सुरतेला जॅझशी आपला काय संबंध, असं वाटत असेल तर जरा आजूबाजूला पाहावं. मुंबईतल्या जॅझचं सर्वांत प्रतिष्ठित घर म्हणजे ताजमहाल हॉटेल. ते १९०३मध्ये उघडणारे जमशेटजी टाटा नवसारीत जन्मलेले, म्हणजे सुरतेहून जेमतेम तास-दीड तासावरचे. या हॉटेलात १९३५च्या अखेरीस लिऑन ॲबी हा आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले. त्यांचं वादन ऐकून आणि त्यांच्याबरोबर वाजवून गोव्याचे वादक तयार झाले. मिकी कोरिया यांनी ताजमध्ये वर्षानुवर्षं बँड चालवला. रूडी कॉटन नावाने गाजलेला सॅक्सोफोनवादक मूळचा पारशी, कावसजी खटाव.

हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ म्हणजेच चिक चॉकलेट. त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी त्याला आणि त्याच्यासारख्या वादकांना सिनेमात आणलं. ‘अलबेला’ची (१९५१) गाणी मराठी घरांत आजही चालतात. भगवानदादांच्या नाचामागे जो ट्रम्पेट फुंकला जातो, जी ड्रमची लय चालते, ती हॉटेलांच्या बँडांतून आलेली आहे. जॅझ कधी ऐकलं नाही म्हणणाऱ्या बहुतेक मराठी माणसांनी ते ‘अलबेला’त ऐकलेलं असतं.

दक्षिण गुजरातचं आणखी एक नाव जयकिशनचं. शंकर-जयकिशन या जोडीतल्या जयकिशन दयाभाई पांचाळ यांचं गाव वांसदा, आजच्या नवसारी जिल्ह्यातलं. या जोडीने १९६८मध्ये एचएमव्हीसाठी ‘रागा जॅझ स्टाइल’ ही एलपी केली. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, शिवरंजनी, भैरवी असे ११ राग, सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो. चित्रपटाच्या चाकोरीबाहेर जाऊन केलेला हा प्रयोग पुढे संग्राहकांनी शोधशोधून मिळवला. सुरतेत कुणाला पहिल्यांदा जॅझ ऐकवायचं तर ही घरची तबकडी सोयीची. राग ओळखीचा असतो, त्यामुळे कान निर्धास्त राहतो आणि ड्रम काय करतोय, बास कुठे चाललाय याकडे वळतो.

अल्बम म्हणजे किती?

७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण ३ मिनिटं मावत. आपल्याकडे १९०२ साली गौहरजानला याच मर्यादेत ख्याल-ठुमरी बसवावी लागली, आणि तिकडे १९१७पासून जॅझच्या वादकांनाही. एकेकाच्या वाट्याला काही सेकंदांचं एकल वादन येई. १९४८मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ गतीची एलपी बाजारात आणली आणि एका बाजूला २० मिनिटांहून अधिक वेळ मिळाला. एलपी आली म्हणून वादकाला विस्तार करता आला, आणि वीस-बावीस मिनिटांची एक बाजू हे ऐकण्याचं एक माप ठरलं. तुकड्यांचा क्रम विचारपूर्वक लावला जाऊ लागला. वेष्टनाच्या मागच्या बाजूला लेख, वादकांची नावं, ध्वनिमुद्रणाची तारीख, जागा छापली जाऊ लागली.

लिंक पाठवताना यातलं बरंच गळून पडतं. फोनवरच्या ॲपमध्ये बहुधा एकाच कलाकाराचं नाव ठळक दिसतं. बाकीचे चार-पाच जण शोधावे लागतात, आणि जॅझमध्ये तेच चार-पाच जण निम्मं काम करत असतात. एक तुकडा संपला की ॲप आपल्या मनाने भलताच तुकडा लावतं. म्हणून एखाद्याला जॅझ द्यायचं असेल तर पूर्ण अल्बम द्यावा, निदान एक बाजू द्यावी, आणि बरोबर वादकांची नावं लिहून पाठवावीत. तेवढ्या कष्टाने समोरचा माणूस ऐकण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

बैठकीचा कान कुठे उपयोगी, कुठे अडतो

महिधरपुऱ्याच्या हिऱ्याच्या बाजारात दलाल रस्त्यावरच कागदाची पुडी उलगडतात. समोरच्याला हिरा नुसता दाखवून भागत नाही, भिंगाखाली कुठला पैलू पाहायचा हे त्याला ठाऊक असावं लागतं. अल्बमचंही तसंच. ‘फार ग्रेट आहे, ऐक’ एवढं सांगून दिलेला अल्बम बहुधा पाच मिनिटांत बंद होतो. ऐकवणाऱ्याने कुठे कान द्यायचा ते सांगावं. आपल्या भाषेत, दाद कुठे द्यायची ते.

ख्यालाच्या मैफिलीत नवखा श्रोता हे शेजाऱ्याकडूनच शिकतो. समेवर येताना शेजारी मान हलवतो, ‘क्या बात है’ म्हणतो, आणि नवख्याला कळतं की इथे काहीतरी घडलं. जॅझच्या तबकडीला असा शेजारी लागतो.

ज्याने मैफिली ऐकल्या आहेत त्याची निम्मी तयारी आधीच झालेली असते. जॅझमध्ये आधी मूळ धून वाजते, मग एकेक वादक तिच्यावर विस्तार करतो आणि शेवटी धून परत येते. धुनीची लांबी ठरलेली असते, बहुधा ३२ बारची, आणि दर बारला ४ मात्रा म्हणजे १२८ मात्रांचं एक मोठं आवर्तन. ब्लूजचं आवर्तन १२ बारचं, म्हणजे ४८ मात्रांचं. एकल वादन कितीही रानोमाळ भटकलं तरी हे आवर्तन आतून चालू असतं आणि सगळे वादक मनात मोजत असतात. आवर्तन संपून नव्याची पहिली मात्रा येते ती जागा आपल्या समेच्या फार जवळची. जुनी, सगळ्यांना माहीत असलेली धून घेऊन जो तो आपल्या पद्धतीने मांडतो, हे बंदिशीसारखंच. एकाच बंदिशीत किराणा आणि जयपूर घराण्याचा फरक ऐकणारा माणूस एकच धून दोन वादकांकडून ऐकायला आनंदाने तयार होतो.

अडचण येते ती सुरावटीखाली चाललेल्या स्वरमेळाची. आपला षड्ज अढळ. तंबोरा तो धरून बसलेला असतो आणि सगळं त्याच्या नात्याने कळतं. जॅझमध्ये बहुधा दर बारला, कधी बारच्या निम्म्यातच, खालचा हा स्वरमेळ, म्हणजे कॉर्ड, बदलतो. म्हणजे पायाखालची जमीन सरकत राहते आणि वादक त्या सरकत्या जमिनीवर चालत असतो. आपल्या कानाला हे पहिल्यांदा नुसतंच भिरभिरल्यासारखं वाटतं. उपाय एकच. पियानोकडे किंवा सॅक्सोफोनकडे लक्ष न देता काही मिनिटं फक्त बासकडे, त्या उभ्या मोठ्या तंतुवाद्याकडे, कान लावायचा. तो एकेका मात्रेवर पावलं टाकत कॉर्ड कुठे चालले ते सांगत असतो. बास ऐकू येऊ लागला की वरची गर्दी आपोआप सुटी होते.

बैठकीसाठी काही अल्बम

सुरुवात गाण्यापासून करावी, कारण आवाज सर्वांना कळतो. एला फिट्झजेराल्डचा ‘एला इन बर्लिन’ हा १९६०च्या फेब्रुवारीतल्या मैफलीचा अल्बम आहे. ‘मॅक द नाइफ’ हे गाणं गाताना ती मध्येच शब्द विसरते. थांबत नाही. विसरल्याचंच गाणं करते, जागच्या जागी नवे शब्द जुळवते, लुई आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करते आणि लय तसूभर ढळू देत नाही. या गाण्याला ग्रॅमी मिळालं. शब्द गेल्यावर निरर्थक अक्षरांवर चालणारं तिचं गाणं तराण्याच्या सवयीच्या कानाला लगेच आपलं वाटतं. दाद द्यायची ती विसरण्याच्या क्षणाला, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आधी सांगू नये. त्याला स्वतःला हसू येऊ द्यावं.

दुसरा, माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’. १९५९च्या मार्च आणि एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत दोन दिवसांत झालेलं काम. जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल ॲडर्ली, बिल इव्हान्स, पॉल चेंबर्स, जिमी कॉब हे बाकीचे, आणि एका तुकड्यात पियानोवर विंटन केली. इथे मुद्दाम कॉर्ड कमी केले आहेत, म्हणून आपल्या कानाला हा अल्बम सर्वांत मोकळा. पहिल्याच ‘सो व्हॉट’मध्ये ज्या स्वरसप्तकावर काम चालतं त्याला तिकडे डोरियन म्हणतात. गंधार आणि निषाद कोमल, बाकीचे शुद्ध: आपला काफी थाट. पहिले १६ बार हा काफी एका षड्जावर चालतो. मग ८ बार षड्ज अर्ध्या स्वराने वर सरकतो, म्हणजे आधीचा कोमल रिषभ हाच नवा सा होतो. शेवटचे ८ बार पुन्हा मूळ जागी. हार्मोनियमवर एकदा हे दाखवलं की श्रोता प्रत्येक आवर्तनात तो सरकण्याचा क्षण पकडू लागतो. दादेची दुसरी जागा आहे ती धून संपून माइल्सचं एकल वादन सुरू होतं तिथे. त्या पहिल्या मात्रेवर जिमी कॉब झांजेवर असा घाव घालतो की तो बराच वेळ घुमत राहतो. माइल्स त्याखालून दोन-चार सुरांत, अजिबात घाई न करता वर येतो.

या तबकडीबद्दल संग्राहक आणखी एक गोष्ट सांगतात. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी एक टेप यंत्र किंचित मंद चालत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे वर्षानुवर्षं किंचित चढ्या सुरात छापले गेले. ही चूक १९९०च्या दशकातल्या नव्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त झाली. जुनी तबकडी आणि नवी सीडी एकापाठोपाठ लावली तर तंबोरा जुळवणाऱ्याला फरक जाणवतो. अशा गोष्टी निघाल्या की बैठक रंगते.

तिसरा, डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’, तोही १९५९चाच. ब्रुबेकची चौकडी १९५८मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर भारतात आली होती. मुंबईत त्यांनी सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबरही वाजवलं. त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेल्या ९ मात्रांच्या लयीवरून ‘ब्लू राँडो आ ला तुर्क’ निघालं. त्यातल्या मात्रा २-२-२-३ अशा तीनदा आणि मग ३-३-३ अशा पडतात. हाताने टाळी धरून मोजायला हा उत्तम धडा आहे. पॉल डेस्मंडने रचलेलं ‘टेक फाइव्ह’ ५ मात्रांचं, ३ आणि २ असं. झपतालात २-३-२-३ अशी विभागणी असते, तेव्हा झपतालावर वाढलेल्या माणसाला पाच मात्रांचं भय नाही. दादेची जागा मधली: ब्रुबेक पियानोवर तोच छोटा तुकडा पुनःपुन्हा वाजवत राहतो आणि जो मोरेलो त्यावर ड्रमवर खेळतो. तबल्याच्या एकल वादनात लेहरा हेच काम करतो. डेस्मंडने मृत्युपत्रात आपल्या संगीताचं मानधन अमेरिकन रेड क्रॉसला दिलं, आणि या एका धुनीने त्या संस्थेला वर्षानुवर्षं पैसा दिला.

चौथा कोल्ट्रेन. एकदम ‘अ लव्ह सुप्रीम’कडे जाऊ नये. आधी १९६१चा ‘माय फेव्हरेट थिंग्ज’ लावावा. ‘साउंड ऑफ म्युझिक’ सिनेमामुळे ती धून आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. कोल्ट्रेन ती सोप्रानो सॅक्सोफोनवर साडेतेरा मिनिटांहून अधिक वेळ वाजवतो. मॅकॉय टायनर पियानोवर दोनच कॉर्ड झुलवत ठेवतो, जवळजवळ तंबोऱ्यासारखे. कोल्ट्रेनला भारतीय संगीताची ओढ होती. मुलाचं नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवलं. हे पचलं की ९ डिसेंबर १९६४ रोजी ध्वनिमुद्रित झालेला ‘अ लव्ह सुप्रीम’ काढावा. चार भागांची, ३३ मिनिटांची ही प्रार्थना आहे. पहिल्या भागाच्या उत्तरार्धात चार सुरांचा एक छोटा तुकडा तो बाराही स्वरांवरून फिरवून आणतो. शेवटचा भाग वेष्टन हातात असल्याशिवाय पुरा कळत नाही. वेष्टनावर त्याने लिहिलेली प्रार्थनावजा कविता छापलेली आहे आणि सॅक्सोफोनवर तो ती अक्षराअक्षराने, गद्य वाचावं तशी ‘वाचतो’. कागद समोर धरून ऐकलं की एकेक ओळ संपल्याचं कळतं. नुसत्या लिंकवर ऐकणाऱ्याला ही गोष्ट कुणी सांगितल्याखेरीज कळायची नाही.

पाचवा मराठी घरातला. ठुमरीच्या गायिका शोभा गुर्टू मूळच्या बेळगावच्या शिरोडकर. त्यांचा मुलगा त्रिलोक तबल्यावरून ड्रमकडे वळला, खाली बसून वाजवता येईल असा स्वतःचा सरंजाम त्याने रचला आणि युरोपात नाव काढलं. त्याच्या १९८८च्या ‘उस्फ्रेट’ या अल्बममध्ये डॉन चेरीचा ट्रम्पेट आहे, राल्फ टाउनर आहे, एल. शंकरचं व्हायोलिन आहे आणि आईचा आवाजही आहे. शोभाताईंची मैफल प्रत्यक्ष ऐकलेल्या वडीलधाऱ्यांना हा अल्बम ऐकवून पाहावा. नाक मुरडतील किंवा जागचे हलणार नाहीत, यांपैकी काहीतरी नक्की होईल.

बैठक कशी भरवावी

सुरतेच्या अडाजणमधला दिवाणखाना असो की उधना-लिंबायतमधली खानदेशी कुटुंबाची बैठकीची खोली, लागणारं सामान थोडं. बरे दोन स्पीकर, पाच-सहा माणसं, एका अल्बमची एक बाजू. फोनचा स्वतःचा स्पीकर चालणार नाही, त्यात बास ऐकू येत नाही आणि बास नसेल तर वर सांगितलेली सगळी खटपट वाया.

एकच तुकडा दोनदा लावावा. पहिल्यांदा काहीही न सांगता. या वेळी बोलणं बंद, चहाही नंतर. मग दोन-तीन वाक्यांत वादकांची नावं, कोण कोणानंतर वाजवतो तो क्रम, आणि कान द्यायची एक जागा. एकच, पाच नव्हे. मग तोच तुकडा पुन्हा. पहिल्या आणि दुसऱ्या ऐकण्यात जो फरक पडतो त्यातच जॅझची गोडी लागते. वेळ उरला तर तीच धून दुसऱ्या कुणाची लावावी. ‘ऑटम लीव्ह्ज’ कॅननबॉल ॲडर्लीच्या १९५८च्या ‘समथिन एल्स’मधलं आणि नंतर बिल इव्हान्सचं १९५९च्या ‘पोर्ट्रेट इन जॅझ’मधलं, अशी जोडी छान जमते. पहिल्यात ट्रम्पेट धून जवळजवळ कुजबुजत मांडतो. दुसऱ्यात पियानो, बास आणि ड्रम तिघं एकमेकांना मध्येच तोडत बोलतात.

यजमानाने दोन मोह टाळावेत. आपला सर्वांत अवघड, सर्वांत दुर्मीळ अल्बम पहिल्या दिवशी काढण्याचा मोह, आणि तुकडा चालू असताना वर धावतं समालोचन करण्याचा. दुसरा मोह जास्त घातक. तबकडीमागचे किस्से, आवृत्त्या, किमती हे सगळं रंजक असतं, पण ते ऐकून झाल्यावर सांगायचं. संग्राहकांच्या मेळाव्यात कधी कधी तासभर गप्पा होतात आणि दहाच मिनिटं संगीत वाजतं. तिथे गेलेला नवखा पुन्हा येत नाही.

काही बैठकांनंतर अल्बम निवडण्याचं काम दुसऱ्यांकडे द्यावं. तबला शिकणारी मुलगी ड्रमची तबकडी आणील, भजनी मंडळात पेटी वाजवणारा पियानोची, सिनेमाचा दर्दी सी. रामचंद्रांची एखादी तबकडी आणून त्यात ट्रम्पेट कुठे फुंकला ते दाखवील. त्या दिवशी यजमानाने नुसतं ऐकावं. आजवर त्याने जिथे जिथे बोट ठेवलं त्याहून निराळ्या जागी माणसं ‘वा’ म्हणू लागली, एकाची दाद दुसऱ्याला पटेनाशी झाली आणि तुकडा तिसऱ्यांदा लावून वाद सुरू झाला, म्हणजे या शहरात जॅझ ऐकणाऱ्यांचा एक गट तयार झाला असं खुशाल समजावं.